बाईंचा कोट

२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आमच्या सभागृहात दर पंधरवड्याला पुस्तक नाहीतर सिनेमा घेऊन चर्चा होते. वर्णभेद, न्याय, आपलं कोण, परकं कोण, असले विषय. पाच वर्षं मी खालच्या खोलीत याच मंडळींचे कपडे दुरुस्त करतेय, कधी कुणी वर बोलावलं नाही. आणि आता अध्यक्षबाई स्वतः आमंत्रण द्यायला आल्या! खोलीचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, तो त्यांच्याच हातात आहे. मला हे लक्षण ठीक दिसेना.

तरी गेले. सिनेमात आपल्या रंगाच्या लोकांना वस्तीतून हाकलतात. दिवे लागले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आपल्या रंगाची तिथे मी एकटीच ना. मी कसंबसं म्हटलं, बरा होता सिनेमा. तर टाळ्या! कशाला रे टाळ्या?

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
बबडी

८ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू वाढदिवसाची भेटसुद्धा हुंगून उघडायचीस, म्हणून तुझा संशय मी निम्माच धरतो. पण टाळ्या मलाही खटकल्या. माझ्या बसमध्ये चढताना जो अति गोड बोलतो, त्याच्याकडे हमखास तिकीट नसतं. करार होईपर्यंत मान डोलाव. खोली गेली तर पोरीची शाळा कशी चालेल, याचा विचार कर.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून,
दादा

५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घात झाला. कालच्या चर्चेला न्यायावरचं पुस्तक होतं. निघताना अध्यक्षबाईंचं पाकीट सापडेना. कुणी अवाक्षर काढलं नाही, पण माना वळल्या, सिनेमाच्या दिवशी वळल्या तशाच. माझं मलाच कळलं नाही, मी पिशवी टेबलावर उपडी केली. टेप, खडू, रिळं, पोरीची केळी. कशाला, कशाला म्हणत सगळ्यांनी नीट बघून घेतलं.

आज बाईंनी काल घातलेला कोट आणून टाकला, बाह्या आखूड करायला. इस्त्री फिरवताना खालच्या घडीत काहीतरी कडक लागलं. खिसा फाटून पाकीट अस्तरात उतरलंय रे! काढून दिलं तर म्हणतील, हिनेच घेतलं होतं. गप्प बसले तर चोर ठरलेच आहे. की माझी परीक्षा घेतायत? लगेच कळव.

घाबरलेली,
बबडी

९ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

अस्तराला हात लावू नकोस. बाह्या कर, कोट दे, मोकळी हो. तुझ्या हाताला काही लागलंच नाही. निम्मा संशय धरतो म्हणालो होतो, आता पुरता धरला.

जिवाला घोर लागलेला,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. गपचूप कोट दिला असता, तर पुढे पाकीट सापडल्यावरही मीच ते त्यात कोंबलं असं झालं असतं. म्हणून तो चर्चेला वर नेला, सगळ्यांसमोर टेबलावर पसरला, कात्री बाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, अस्तर तुम्हीच उसवा. पाकीट बाहेर आलं. बाई रडल्या. मला मात्र संताप आला.

मग कुणीतरी म्हणालं, त्या दिवशी मला काय वाटलं ते मी सांगावं. पुन्हा माना! मी म्हटलं, तुम्हाला काय वाटलं होतं ते सांगा, मी ऐकते. आणि खुर्ची ओढून बसले. दादा, शिपाई कुलूप लावायला आला तरी कुणी तोंड उघडलं नाही.

करार झाला, आणखी पाच वर्षांचा. बाईंनीच आणून दिला. पण आता कुणीही कपडा आणला की मी आधी त्यांनाच खिसे उलटे करून दाखवायला लावते. बाईंनासुद्धा.

माया होती तशीच ठेव.
तुझी,
बबडी