ब्रिटा निघण्याआधी

२ डिसेंबर

प्रिय मार्ला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून देशील, हे मी धरून चालले आहे. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. केंटशी तुझा घटस्फोट झाला त्याला आता दहा वर्षं होतील, आणि या दहा वर्षांत तुझ्या या सासूने तुला नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही. फोन करता आला असता. तुझ्या बहिणीकडून पत्ता मिळाला, तसा नंबरही मिळाला. पण फोनवर समोरच्याचा श्वास ऐकू येतो, आणि तो ऐकला की मी गोष्टी मऊ करून सांगायला लागते. कागदावर तसं होत नाही.

आधी घरचं सांगते. ऑर्विल गेल्याचं तुला कळलं असेल. चार वर्षं झाली. ऑक्टोबरात, शेतांतून बीट काढणं चालू असताना. माझा उजवा गुडघा बदलून झाला, डावा बदलायचाय. ऑर्विलचा भाऊ मिलो अजून मागच्या गल्लीत एकटा राहतो. त्याला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. केंट गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला आहे. पुन्हा लग्न केलं नाही. ब्रिटा एकोणीसची झाली, फार्गोला नर्सिंग शिकते. उंचीने तुझ्याएवढी झालीय. चिडली की तुझ्यासारखीच गप्प होते, आणि भांडी जरा जोरात ठेवते.

यंदा थँक्सगिव्हिंगला आम्ही चौघंच होतो: मी, केंट, ब्रिटा आणि मिलो. बुधवारी केंट फार्गोला जाऊन ब्रिटाला घेऊन आला. मी लेफ्सा, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या. पूर्वी चाळीस व्हायच्या, आता अठरा झाल्या आणि कंबर धरली. चौदा पौंडांची टर्की, क्रॅनबेरीचा सॉस, मॅश केलेले बटाटे, पम्पकिन पाय, सगळं नेहमीचं. टर्कीबरोबरचं सारण मात्र तुझं. जंगली तांदूळ, सेलरी, मशरूम आणि आंबट सफरचंद. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तू ते केलंस आणि ऑर्विलने तीनदा वाढून घेतलं. तू गेल्यावरही मी ते दर वर्षी करत आले. कुणी विचारलं तर चर्चच्या बायकांनी छापलेल्या पुस्तकातलं म्हणून सांगायचे. यंदा ब्रिटा म्हणाली, “आजी, ते पुस्तक दे ना, मला खोलीवर करून बघायचंय.” मी म्हटलं, सापडत नाही कुठे.

जेवणाआधी प्रत्येकाने एकेका गोष्टीचे आभार मानायचे, ही पद्धत आम्ही सोडलेली नाही. मिलो दर वर्षी आपल्या दातांचे आभार मानतो. केंटने नोकरीचे मानले. ब्रिटा म्हणाली, “बाबा मला सोडून गेले नाहीत, त्याबद्दल.” माझी पाळी शेवटी असते. मी म्हटलं, तब्येत बरी आहे त्याबद्दल, आणि टर्की कापायला घेतली.

दुपारी जेवणं झाल्यावर केंट आणि मिलो गॅरेजमध्ये गेले. ऑर्विलची हत्यारं लावायची आहेत म्हणाले. हत्यारांच्या कपाटात, रंगाच्या डब्यांमागे ब्रँडी असते. ती तिथे असते हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे केंटलाही माहीत आहे. आमचं घर असंच चालतं. सकाळी पावसासारखं बारीक काहीतरी पडून गेलं होतं आणि रस्त्यावर काचेसारखा थर धरला होता. ब्रिटाची शुक्रवारी सकाळी इस्पितळात पाळी होती, म्हणून केंट तिला त्याच संध्याकाळी फार्गोला सोडणार होता. साडेचारला, उजेड कमी होत असताना, तो आत आला, कोट चढवला आणि किल्ली हातात घेऊन म्हणाला, “चल पोरी.” शब्द नीट आला. पण कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती.

ब्रिटा बूट घालता घालता थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. “आजी, तू किल्ली माग. तू मागितलीस तर देतील ते.”

अकरा वर्षांपूर्वी त्याच दाराशी तू मला हेच म्हणाली होतीस. “आर्डिस, किल्ली तुम्ही मागा, तुम्हाला नाही म्हणणार नाही तो.” आठ वर्षांची ब्रिटा त्या रात्री माझ्याकडे राहणार होती, वर झोपायची खोली लावत होती. तू कोट घातलेला नव्हतास. मी हातातलं ताट पुसत म्हटलं, “सणाच्या दिवशी तमाशा नको, मार्ला. चार मैल तर जायचंय.” मग तू कोट घातलास. त्याने एकट्याने जाऊ नये म्हणून तू बरोबर बसलीस, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण त्यातला एक भाग माहीत नाही. रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या ट्रकवर त्या दिवशी ऑर्विलचीच पाळी होती. खड्ड्यात उलटलेली तुमची गाडी त्यालाच दिसली. त्याने तुला बाहेर काढलं, तुम्हा दोघांना ट्रकमध्ये घालून इस्पितळात नेलं आणि मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा तुला आत नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. केंट बाहेर भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, “आई, माझा डोळा लागला. वळण दिसलंच नाही मला. तिने हाका मारल्या तेवढं आठवतंय.” रडत होता. आणि मी त्याला म्हटलं, “तू असं कुणाला सांगू नकोस. तुमचं भांडण चाललं होतं. तिने स्टिअरिंग ओढलं. असं सांग.”

तुला इतकी वर्षं वाटत आलं असेल की ती गोष्ट केंटने रचली. त्याने नाही रचली. मी रचली, मोजून दोन वाक्यांत. दुसऱ्या दिवशी शेरिफच्या कचेरीतला माणूस घरी आला तेव्हा मी त्याला कॉफी दिली आणि सांगितलं की माझ्या मुलाने दिवसभरात सफरचंदाच्या रसाखेरीज काही घेतलं नाही, आणि सून सकाळपासून भडकलेली होती. तू तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आलीस तोवर गावाने ते पाठ केलं होतं. तू नाही म्हणालीस, तर लोक म्हणाले, डोक्याला मार लागलाय, बिचारीला काय आठवणार. पुढे कोर्टात ब्रिटा कुणाकडे राहील हा प्रश्न आला, तेव्हा तू काठी घेऊन उभी होतीस आणि मी शपथेवर तीच दोन वाक्यं पुन्हा बोलले. तू माझ्याकडे बघत होतीस. मी तुझ्यामागच्या खिडकीकडे बघत होते.

ऑर्विल एकदाच बोलला. “आर्डिस, त्या गाडीत दारूचा वास होता.” मी म्हटलं, एवढ्या थंडीत कसला वास येतोय. त्यानंतर दर थँक्सगिव्हिंगला तो पाळी मागून घ्यायचा. बर्फ नसला तरी जायचा. मी डबा बांधून द्यायचे. निवृत्त झाल्यावर एकच थँक्सगिव्हिंग तो टेबलाशी बसला, आणि आभाराची वेळ आली तेव्हा म्हणाला, “माझं राहू दे.”

तर परवाच्या गुरुवारी दाराशी ब्रिटाने ते म्हटलं, आणि मी हात पुढे केला. मी किल्ली मागितली की केंट देतो, हे खरंच आहे. त्याने दिली. मी ती एप्रनच्या खिशात टाकली. मग त्याला राग आला. “आई, मी शुद्धीत आहे. सणाच्या दिवशी हे काय?” मी खिशावर हात धरून ठेवला. तेव्हा तो ब्रिटाकडे वळला आणि म्हणाला, “तुझी आईपण अशीच. गाडीत बसली की तिला माझ्यावर विश्वास नाही. भर रस्त्यात स्टिअरिंग ओढलं आणि आयुष्यभराचं करून ठेवलं.”

मी म्हटलं, “तिने ओढलं नव्हतं.”

मिलोला ऐकू आलं नाही. तो विचारत राहिला, काय म्हणाली, काय म्हणाली ती? म्हणून मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं. मग इस्पितळातलं, कचेरीतल्या माणसाचं, कोर्टातलं, जसं तुला वर लिहिलं तसंच सगळं सांगितलं. उभ्यानेच. फार वेळ लागला नाही. अकरा वर्षं धरून ठेवलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात, हे मला माहीत नव्हतं.

केंट बूट काढायच्या बाकावर बसला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, “आई, मलाही तसंच आठवायला लागलं होतं. तिचा हात दिसायचा मला. स्टिअरिंगवर.” खोटं बोलत नव्हता. मी दिलेली गोष्ट त्याने इतकी वापरली की तिला हात फुटला. त्याच्या बाजूने मी एवढंच लिहिते. बाकीचं त्याचं तो बोलेल किंवा नाही बोलणार.

ब्रिटा रडली नाही. बाह्या वर करून भांडी घासायला लागली, आणि मला तीन प्रश्न विचारले. पहिला, आजोबांना माहीत होतं का. मी हो म्हटलं. दुसरा, आई मला न्यायला आली होती का. मी सांगितलं, तीनदा आली होती. तिसऱ्या वेळी ‘ब्रिटा शाळेत आहे’ असं मी तिला खोटं सांगितलं, शाळेला सुट्टी होती. तिसरा प्रश्न तिने माझ्याकडे पाठ करूनच विचारला: “मी चौदाव्या वर्षी तिला फोन करू नकोस म्हणाले, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस ना?” होते. मोठं ताट तिने इतक्या जोरात ठेवलं की कड उडाली.

त्या रात्री कुणीच फार्गोला गेलं नाही. तिने इस्पितळात फोन करून पाळी बदलून घेतली. शुक्रवारी सकाळी ती तुझी कार्डं घेऊन स्वयंपाकघरात बसली; गेल्या पाच वर्षांतले वाढदिवस आणि नाताळ, एकही पाकीट फोडलेलं नव्हतं, पण एकही टाकलेलं नव्हतं. सुरीने एकेक फोडत गेली. मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही. दुपारी केंटने तिला फार्गोला पोहोचवलं. निघताना माझ्याशी ती बोलली नाही. रविवारी फोन आला तो फक्त तुझा पत्ता मागायला; कार्डांच्या पाकिटांवर तो नव्हता.

सोमवारी मी गावातल्या नोटरीकडे जाऊन हे सगळं लेखी दिलं. इस्पितळाची तारीख, कचेरीतल्या माणसाला सांगितलेलं, कोर्टात शपथेवर बोललेलं. सही माझी, साक्ष त्यांची. मूळ कागद या पत्रासोबत आहे. तो कुठे न्यायचा, की कुठेच न्यायचा नाही, हे तू ठरव. माझ्यावर खटला होऊ शकतो असं नोटरी म्हणाली. होऊ दे. केंटला मी सांगून ठेवलंय. तो म्हणाला, “कर तुला करायचं ते,” आणि मग दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या दारापुढचा बर्फ काढून गेला. आत आला नाही. गॅरेजमधली बाटलीही त्याने नेली; ओतली की प्यायला, मला माहीत नाही.

आता पत्र कशासाठी, ते. क्षमा मागायला मी लिहिलेलं नाही. ती मागायला आधी कुणीतरी ऐकायला तयार असावं लागतं, आणि तसं तू असावंस असं मी धरून बसलेले नाही. ब्रिटाला तुझ्याकडे यायला कालच निघायचं होतं. मी तिला म्हटलं, थांब, तुझ्या आईला या घराने एकदाही काही विचारलेलं नाही, यावेळी विचारू. कॉलेजला सुट्टी लागली की एकोणीस तारखेला सकाळी ती ऑर्विलच्या गाडीने निघेल. नवे टायर घातलेत. मागे घोंगडी, फावडं आणि वाळूची पिशवी आहे. ती एकटीच येते आहे, आमच्यापैकी कुणी नाही. पहिली रात्र माइल्स सिटीत काढेल, पुढे डोंगर आहेत म्हणून दुसऱ्या दिवशी अंधाराच्या आत तुझ्याकडे मिसूलाला पोहोचेल. रस्ता बंद झाला तर थांबायचं, हे तिने कबूल केलंय. तू नको म्हणालीस तर ती येणार नाही, आणि ते तिला मी सांगेन, तुझ्यावर येऊ देणार नाही. हो असेल तर मला कळवू नकोस, तिलाच कळव. तिचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. एवढंच विचारायचं होतं, मार्ला: वीस तारखेला संध्याकाळी तू घरी आहेस का?

‘तुझीच’ लिहायचा हक्क मी कधीच घालवला, म्हणून नुसतीच,
आर्डिस