टेस्ट नावाचं बेवारस काम

१४, सोमवार
अजून ‘पीडी’च. म्हणजे रांगेत. सकाळी आल्याआल्या रांग बघायला एस-क्यू टाईप केलं, माझ्या कामापुढे तीच दोन अक्षरं. पाचवा दिवस.

मला क्लस्टरवरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांतली, आठ यंत्रं हवीत, एकदम, चाळीस तास. छत्तीस वर्षांच्या भरतीच्या नोंदी, खाडीचं पाणी आत कुठवर शिरतं त्याचं गणित. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर आहे. तीस तारखेला प्रबंध जमा केला नाही तर नोंदणी रद्द. मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळत नाही. सहा वर्षं पाण्यात!

आणि आमच्या गटाला मिळून आठच यंत्रं. एकाने दोन अडवली की माझं घोडं अडलंच.

बाईंना विचारावं तर त्या गेल्या आठवड्यापासून दवाखान्यात. त्यांच्या यजमानांनी आम्हा सगळ्यांना बजावलंय, “कामाचं एक अक्षर त्यांच्या कानावर घालायचं नाही. लॅपटॉप मी काढून घेतलाय.” मार्गदर्शक आजारी पडल्यावर काय करायचं हे कुठल्याच नियमावलीत नाही.

१६, बुधवार
पीडी. चहा. पीडी.

१७, गुरुवार
दुसऱ्या कुणाचं मोठं काम काल संपलं. वाटलं, आता माझाच नंबर. उघडून बघते तर ‘टेस्ट’ नावाचं काहीतरी मध्येच घुसलेलं. दोन यंत्रं, सहा तास. म्हटलं, संध्याकाळी संपेल, सहा तासांनी काय होतंय.

संध्याकाळी ते संपलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं टेस्ट सुरू!

१८, शुक्रवार
ही टेस्टची मालिकाच आहे. एक संपलं की दुसरं. आठातली दोन कायम त्यांच्याकडे. सहा मोकळी आणि मी आठासाठी दारात उभी. लहान कामाला फटीत जागा मिळते, मोठ्याला नाही. माणसांतही असंच असतं म्हणा.

कुणाचं आहे ते कळायला मार्ग नाही, कारण आम्हा सगळ्यांचा लॉगिन एकच. खूप वर्षांपूर्वी कुणीतरी आळस केला, तीच प्रथा झाली. कामाला आपापलं नाव द्यायचं आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. तो आजवर कुणी मोडलेला नाही.

सगळ्यांना विचारलं. समोरच्या टेबलावरची म्हणाली, “माझी सगळी कामं माझ्या मांजरीच्या नावाने आहेत, बघ.” खरंच आहेत. बाकी चौघांनी नकारार्थी माना हलवल्या. म्हणजे भुताचं.

२०, रविवार
घरी. आईला रांग समजावून सांगितली. ती म्हणाली, “ओळख नाही का तिथे कुणाची?” म्हटलं, यंत्राची कसली ओळख. “यंत्राची नाही गं, यंत्र सांभाळणाऱ्याची. जरा गोड बोलून बघ.” वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाली, “हिला गोड बोलायला सांगताय? तुम्ही फोन करा, आई.” सगळे हसले. मीही हसले, मग उगाच डोळे भरून आले म्हणून गॅलरीत कपडे काढायला गेले. कपडे ओलेच होते.

२१, सोमवार
अडला हरी! गेले तळमजल्यावर मास्तरांकडे. क्लस्टर तेच सांभाळतात. त्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसतात आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देतात.

“रांग म्हणजे रांग.”

“पण ते काम कुणाचंच नाहीये.”

“तुमच्याच लॉगिनचं आहे, म्हणजे तुमचं आहे. वीस वेळा सांगितलं, वेगवेगळे लॉगिन घ्या. ऐकलं कुणी?” मग जरा विरघळले. काम कुठल्या फोल्डरमधून चालतंय ते शोधायला शिकवलं. “आणि शनिवारी सकाळी आठला देखभालीसाठी सगळं बंद. सोमवारपर्यंत. लक्षात असू द्या.”

फोल्डर दाढीचा निघाला! दाढी म्हणजे आमचा जुना सहकारी, तीन वर्षांपूर्वी नोकरी धरून परदेशी गेला. आत नुसते वर्षांचे आकडे नावं म्हणून दिलेल्या फायली, रोज चारची भर पडतेय. त्याचं कामही याच नोंदींवर होतं. एकामागून एक कामं आपोआप रांगेत लावणारी स्क्रिप्ट लिहायची त्याला खोडच होती. कशाने तरी ती जागी झाली असणार.

२२, मंगळवार
दाढीला पत्र टाकलं. बाईंना विचारावं असं फार वाटलं. यजमानांना मेसेज लिहिला, पुसला, शेवटी नुसतं ‘बाई कशा आहेत?’ पाठवलं. उत्तर आलं, “चिडचिड करतायत. म्हणजे बऱ्या आहेत. ऑपरेशन तीसला.”

त्यांचीही तीसच.

२३, बुधवार
दाढीचं उत्तर: “अरे बापरे, अजून चालू आहे? असेल माझंच. काही लागत नाही मला त्यातलं. मारून टाक खुशाल.”

तरी हात धजावला नाही. सहा वर्षांत दुसऱ्याचं काम कधी मारलं नाही. एक दिवस वाया घालवला या भिडेपोटी.

२४, गुरुवार
मारलं. दुपारी साडेतीनला. एस-कॅन्सल, टेस्ट, एंटर. चालू होतं ते आणि मागची उरलेली सात, सगळी एका ओळीत गेली. समोरचीला साक्षीला बसवलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं. उगाच डोक्याला ताप.”

शनिवारी आठला बंद, म्हणजे चाळीस तास जेमतेम बसत होते. माझ्या कामापुढे ‘आर’ आलं! सुरू! दोघी नाचलोच जवळजवळ. चार मिनिटांनी पडलं. डिस्कवर जागा नाही.

जागा कुणी खाल्ली होती? दाढीच्या फोल्डरने. तोही पुसला. खात्री आहे का असं यंत्राने विचारलं, मी हो म्हटलं. तिथल्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून हे काम करताना एरवी मी दहादा तपासते. आज तपासलं नाही. आज रागच होता.

या सगळ्यात पाच वाजले. उरले एकोणचाळीस तास. चाळीस मागितले तर ते आता सुरूच होणार नाही. अडतीस मागितले. दोन तास मी हिशेबात जास्तीचेच धरले होते, असं स्वतःला सांगितलं. सव्वापाचला सुरू झालं.

२५, शुक्रवार
दुपारी साडेबारा. एकोणीस तास, ४७ टक्के. अर्ध्या वेळात अर्धं व्हायला हवं होतं. आता माझ्या हातात काहीच नाही. खुर्चीत बसायचं आणि आकड्याकडे बघायचं. आकड्याला काय त्याचं!

२६, शनिवार
सकाळी सव्वासातला ९४ टक्क्यांवर थांबवलं यंत्राने. मागितलेली वेळ संपली. हा प्रोग्राम उत्तर शेवटी एकदम लिहितो, मध्ये काही ठेवत नाही. त्यामुळे ९४ काय आणि शून्य काय.

आई चहा घेऊन आली. माझं तोंड बघून कप ठेवून गेली. मी खूप रडले. मला मरणाचा राग येतोय आणि तो काढायला कुणी नाही. नियम सगळे बरोबर, मास्तर बरोबर, यंत्रं बरोबर.

२८, सोमवार
अजून बंदच. मास्तर म्हणाले, “उद्या सकाळी.” उद्यापासून चाळीस तास म्हणजे एकतीस उजाडणार. प्रबंध विभागात जाऊन विचारलं. खिडकीतल्या कारकुनाने फाईलमधून मान वर न करता म्हटलं, “तीस म्हणजे तीस.”

२९, मंगळवार
बाईंचा फोन. अगदी हळू आवाजात. यजमान खाली औषधं आणायला गेले होते.

म्हणाल्या, “घाबरू नकोस गं. आठ यंत्रं एकदम तुला कुठली मिळतायत! म्हणून मीच तुझं गणित दोन-दोन यंत्रांवर लावलं, एकेक वर्ष सुटं करून. दाढीची जुनी स्क्रिप्ट घेतली, नावसुद्धा बदललं नाही. नर्सचा लॅपटॉप होता, यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून कुणालाच बोलले नाही. त्याच्या फोल्डरमध्ये बघ. छत्तीसच्या छत्तीस वर्षं झाली असतील ना आता? तेवढं सांग, म्हणजे उद्या मी निवांत आत जाईन.”

मी म्हटलं, “हो बाई. छत्तीसच्या छत्तीस आहेत. उद्या जमा करते.”