जांभळ्यावर गुलाबी

दहिवडी, उन्हाळा १९७४

वैनीस मनुबाईचा नमस्कार.

ह्ये पत्र टपालात पडणार न्हाई, पर लिवल्याबिगर मला घास गिळवंना.

गेल्या जत्रंत तुमच्या विजूनं माझ्या हौसाची बाही चारचौघांत ओढली. म्हणाली, "ह्यो माझा जुना फ्रॉक हाय!" तुमी हसला. माझी पोर दिसभर गोठ्यात बसून ऱ्हायली.

परवा तुमच्या धाकट्याच्या जावळाला हौसानं घातलेला जांभळा फ्रॉकबी विजूचाच व्हता, वैनी! तुमीच धाडलेला, हळदीचे डाग पडलेला गुलाबी. मी निळ्या रंगाची पुडी आणली, डब्यात मीठ घालून चुलीवर उकळली, फ्रॉक काठीनं ढवळला. कापडानं रंग घेतला, पर टेरलिनच्या दोऱ्यानं काय घेतला न्हाई. शिलाई गुलाबीच ऱ्हायली. मी कपाळावर हात मारला.

आन् तुमी काय इचारलं? "वन्सं, ही गुलाबी दोऱ्याची नक्षी कुठं करून घेतली?"

"सातारला," मी म्हणलं.

विजूनं तर जेवण टाकून लोळण घेतली. तिला तसलाच फ्रॉक पायजे व्हता. तवा माझ्या हौसानं तिचं डोळं पुसलं.

"रडू नगंस," म्हणाली, "जुना झाला की तुला दीन."

तुमची वन्सं,
मनुबाई