वही शेगडीत घालावी, ही विनंती

दवाखाना, ता. ३ जानेवारी

चि. धाकटीस,
सप्रेम सलाम, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. माझं लिहिणं कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. रोग्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत त्यांना डोळे मिटून बाकावर बसवायचं, आणि त्या वीस मिनिटांत माझं एक पान. सात कादंबऱ्या अशाच झाल्या. आता आठवी झाली आणि कालच वाचन समितीकडे धाडली. अध्यक्ष अर्थातच आपल्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे तुझे अहो!

आपल्या मंडळीच्या छापखान्याला आम्ही चौघी बायका कादंबऱ्या पुरवतो. एकीची नायिका खोकून मरते, दुसरीची सोसून मरते, तिसरीची मरत नाही, पण वाचणारी मरते. माझी जगते, कारण शेवटच्या पानावर दारुड्या नवऱ्याला गुडघ्यांवर आणायला कुणीतरी हवं ना! सात पुस्तकांत मिळून मी नऊ दारुडे सुधारले. आपल्या गल्लीतला एकसुद्धा सुधारला नाही. तरी महिला मंडळातल्या बायका शेवटचं प्रकरण आलं की पान उलटायच्या आधीच रुमाल काढतात.

यंदा दारुडा घेतला नाही. यंदाचा नवरा पाळक आहे, सज्जन आहे, आणि त्याची बायको बावीस वर्षं त्याची प्रवचनं लिहून देते. कुणाला पत्ता नाही. शेवटी ती आपली वही घेऊन मंडळीपुढे उभी राहते आणि हे सगळं माझं, असं सांगते. उगाच अंगाला लावून घेऊ नकोस. कुणाचीही गोष्ट असू शकते.

गुडघ्याला शेक देत जा. माझ्यावर जीव आहे तो तसाच राहू दे.
तुझी ताई

---

पाळकनिवास, ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

कुणाचीही म्हणे! ताई, ह्यांनी तुझं बाड उघडलंसुद्धा नाही. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, तुझ्याच बहिणीचं आहे, चाळून अभिप्राय लिहून ठेव, मी सही करतो. मी मटार सोलत वाचायला घेतलं. पहिल्याच प्रकरणात एक बाई मटार सोलता सोलता निळ्या वहीत प्रवचन लिहिते. माझ्या हातातलं भांडंच खाली पडलं. घरभर मटार.

बावीस वर्षं मी हे झाकून ठेवलंय. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, एका तुला सांगितलं, आणि तू ते तीनशे पानांत पसरून समितीला पाठवलंस! उद्या पुस्तक छापलं की मंडळी ह्यांना हसतील आणि मला म्हणतील, बघा, नवऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटणारी. तोंड कुठे लपवू मी? मला राग आला आहे, खूप आला आहे, आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अभिप्राय सोबत आहे. ह्यांनी सही केली आहे. बाड समितीच्या कपाटात ठेवलं आहे. माझ्या तब्येतीची चौकशी पुढच्या पत्रात करू नकोस.
तुझी धाकटी

---

वाचन समिती, ता. १० जानेवारी

लेखिकाबाई यांस,
सलाम वि. वि.

आपली कादंबरी समितीने प्रार्थनापूर्वक वाचली. भाषा स्वच्छ आहे. तथापि नायक पाळक असून त्यास एकही व्यसन नाही. ते असते तर त्यास सुधारण्यास वाव राहिला असता. कृपया त्यास निदान जुगार तरी द्यावा.

नायिकेची सहनशीलता अठराव्या प्रकरणापर्यंत समाधानकारक आहे. एकोणिसाव्यात ती एकाएकी उभी राहते, हे वाचकांच्या प्रकृतीस मानवणार नाही. तिने शेवटी आनंदाने आपली वही शेगडीत घालावी, ही विनंती. जिने बावीस वर्षे दुसऱ्याच्या तोंडून बोलण्यात काढली, तिला स्वतःचा आवाज ऐकून दचकायला होईल. याचाही लेखिकेने विचार करावा.

अध्यक्ष, वाचन समिती

---

दवाखाना, ता. १९ जानेवारी

चि. धाकटीस,
सप्रेम सलाम, अ. उ. आ.

आधी माफी मागते. तुला न विचारता तुझं आयुष्य उचललं, ही माझी चूक. तू मला सांगितलंस तेव्हा बहीण ऐकत होती, आणि घरी जाऊन लेखिकेने लिहून काढलं. आम्हा लेखिकांची जातच चोरटी.

पण अभिप्राय वाचून मी दवाखान्यात इतकी हसले की बाकावरच्या आजोबांनी थेंब घातलेले डोळे उघडले. नायकाला जुगार द्या! पाळकसाहेबांच्या बापजन्मी त्यांना असं सुचलं नसतं. आणि ते दचकण्याचं वाक्य वाचलं तेव्हा मात्र हसू गेलं. अख्ख्या बाडात मला इतकं चांगलं वाक्य जमलेलं नाही. ज्या बाईला स्वतःविरुद्ध लिहितानासुद्धा असं लिहिता येतं, तिने वही जाळावी, असं मी कोणत्या तोंडाने लिहू?

तरी तू म्हणशील तसं करीन. समितीसाठी सात शेवट बदलले, तुझ्यासाठी आठवा बदलायला मला काय जातंय! एकच अडचण आहे, ती तूच सोडव. बाईने शनिवारी वही जाळली, तर रविवारी नवरा बोलणार काय?

चौकशी करू नको म्हणालीस, म्हणून गुडघ्याचं विचारत नाही. माया पातळ करू नकोस.
तुझी चोरटी ताई

---

पाळकनिवास, ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझा प्रश्न खड्यासारखा दातात अडकला. भांडी घासताना तोच, अंथरूण घालताना तोच. प्रवचन मी दर शनिवारी नऊ कागदांवर उतरवून पाकिटात घालते. हे ते आधी उघडत नाहीत. आधी वाचलं की ताजेपणा जातो, असं ह्यांचं म्हणणं. गेल्या शनिवारी मी नऊ कोरे कागद घातले. वर नेहमीसारखं पाकीट चिकटवलं.

रविवारी ह्यांनी पाकीट उघडलं. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, असे नवव्यापर्यंत गेले. मग तिसऱ्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ह्यांनी तीन गीतं गायला लावली, एक प्रार्थना केली आणि उपासना पस्तीस मिनिटं आधी संपवली. बाहेर आल्यावर खजिनदार म्हणाले, इतकं मुद्देसूद प्रवचन कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. वडील मंडळींनी दर रविवारी असंच असावं अशी सूचना मांडली, आणि ती एकमताने मंजूर झाली. ताई, बावीस वर्षं मी उगाच नऊ नऊ कागद खरडले ग!

घरी आल्यावर जेवायला बसलो. ताट सरकवून ह्यांनी खाली मान घालूनच विचारलं, वही जाळलीस का? मी चमकलेच. म्हणजे सही करताना अभिप्राय वाचला होता, आणि बाडही! चार दुपारी समितीच्या बैठकीला म्हणून जात होते, ते कपाट उघडून तेच वाचत बसत होते. नाही जाळली म्हटल्यावर मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, नवा अभिप्राय लिहून दे, सही करतो. मी म्हटलं, हा तुम्ही लिहा. दोन तास बसले, सात कागद फाडले, आणि शेवटी जेमतेम एक ओळ झाली. ती सोबत आहे. ‘छापावे. सर्व खरे आहे.’ एवढीच. मला रडू आलं, लपवत नाही.

तेव्हा शेवट बदलू नकोस. फक्त तुझी नायिका बाराव्या प्रकरणात फार रडते, ते काढ. मी एवढी कधी रडले?

आणि शेवटच्या पानावर नवरा सुधारला म्हणून महिला मंडळाला रुमाल काढायला लावू नकोस हं. आजच जेवताना विचारत होते, येत्या रविवारचं झालं का लिहून. मी म्हटलं, झालंय, पण लिहिणारीचं नाव आधी वाचून दाखवणार असाल तर देते. पाकीट टेबलावर आहे. हे समोर बसून विचार करताहेत. दुपारपासून.

गुडघा बरा आहे. विचारलंस तरी चालेल.
तुझी धाकटी