सत्काराचा टॉवेल

रविवार, संध्याकाळ

हरले! घरच्या मैदानावर, सेमीफायनलला, एका गुणानं. यंदा तरी सोलापूरची कबड्डी टीम फायनल खेळेल वाटलं होतं. कसली खेळतेय! पोरं अंग गरम करून तयार होती, तेवढ्यात आयोजकांनी तासभर सत्कार लावला. ज्याला त्याला फेटा, नारळ, टॉवेल. पोरं बसून गार पडली. पाहुणी टीम मात्र मैदानामागं पळत अंग गरम ठेवत राहिली. पहिल्याच चढाईत आमच्या कॅप्टनच्या पोटरीत गोळा आला. टॉवेल वाटणाऱ्यांना कबड्डीतलं काय कळतं?

घरी येऊनही मी ओरडतच होतो. बायको म्हणाली, "लई तापू नका. आदी खांद्यावरचा टॉवेल काढा की."

सर्वात जुना प्रेक्षक म्हणून माझंही नाव पुकारलं होतं. गेलो. नुसता गेलो नाही, माईक घेऊन वीस मिनिटं बोललो.