स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येणारा कीबोर्ड

सोम. ता. ३
आले: कीबोर्ड तीन, दुकानातून पसंतीवर. सपाट, आठशे. मधला, दोन हजार. जुन्या घाटणीचा मेकॅनिकल, उजवीकडे आकड्यांची बटणं, साडेचार हजार.
सूनबाई घरून ऑफिसचं काम करते. म्हणजे, तसं म्हणते. तिच्या लॅपटॉपचा आवाजच नाही, मग काम चाललंय हे मी ओट्यापाशी ओळखायचं कसं? मी संशयी नाही. मॅट्रिक आहे, एवढंच.

मंगळ. ता. ४
तिघांची परीक्षा घेतली. सपाट मुका. मधला नुसता पुटपुटतो. जुन्या घाटणीचा कुकरच्या शिट्टीतही स्वच्छ ऐकू आला. हाच! काटकसर करावी, पण आवाजात नको. मुलगा म्हणाला, आई, तिला विचारलंस का? म्हटलं, भेट काय विचारून देतात?

गुरु. ता. ६
देवाची कृपा. सकाळपासून खडखड. जपाची माळ दोनदा चुकली, पण घराला वळण लागलं. दुपारी आवाज बंद. हाक मारून विचारलं, डोळा लागला का गं? म्हणाली, अहवाल वाचतेय. वाचायचा पगार देतात म्हणे! ठेवतात तरी कशाला असल्यांना?

शुक्र. ता. ७
हाका मारून घसा बसला. तिनं दार लावून घेतलं. दाराआडूनही ऐकू येतो, पैसे वसूल. संध्याकाळी म्हणाली, आई, मला काम करू द्याल का? म्हटलं, तेच तर करवून घेतेय. मुलगा हसला. ती नाही. तोंड बघवेना.

सोम. ता. १०
निश्चय: हाक मारायची नाही. पाळला. फक्त दाराशी उभी राहून खोकले. लगेच टक् टक् टक्, एकाच लयीत. डोकावले तर एका हातात कागद, दुसऱ्या हातानं एकच लांब बटण बडवतेय. म्हणाली, तुमच्यासाठी वाजवतेय. शेवटी आली वळणावर!

रवि. ता. १६
दोघं वेगळ्या घरात राहायला गेली. कारण उघड आहे: एवढ्या मोठ्या कीबोर्डाला इथलं टेबल पुरत नव्हतं. गडबडीत कीबोर्डच राहिला. टेबलाच्या मधोमध, स्वच्छ पुसून.

शनि. ता. २२
फोन उचलत नाहीत. कामात असणार. पत्राचा मजकूर:
सूनबाईस आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. जप बिनचूक होतो, लवकर संपतो, म्हणून पुन्हा करते. दुपारी तुझं ते लांब बटण थोडं वाजवलं, उगीच. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. सपाट चांगला, मुळीच ऐकू येत नाही. तोच आणून ठेवू का, आणि तुम्ही कधी येताय, ते उलट टपाली कळवावे.