दादाच्या टेबलावरचा रणगाडा

४ फेब्रुवारी

बारा वर्षांनी दादाच्या दाराची घंटा वाजवली. वहिनीने दार उघडलं. "या भावोजी," म्हणाली, जणू मी परवाच येऊन गेलो होतो.

दादा खिडकीशी, टेबलाला. उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला. नोव्हेंबरात मेंदूचा झटका आला, त्यात तो हात गेला आणि वाचा गेली. एकच शब्द उरलाय — 'बरं का'. चहा हवा तर 'बरं का', नको तरी 'बरं का'. वहिनी म्हणाली, "एका शब्दावर त्यांचं भागतंय. तुम्हाला लाख लागतात, तरी पुरत नाहीत."

टेबलावर रणगाडा. रशियन, वजनदार जातीचा, केव्ही-१. दुसऱ्या महायुद्धातला. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याने केलेला, प्लास्टिकचा, वीतभर लांब. निवृत्तीनंतर दादा असली मॉडेलं करतो. हे झटक्याने अर्धं राहिलं. डाव्या हाताने तो एक तुकडा धरतो, पण दुसरा कोण धरणार? वहिनीचे हात थरथरतात. म्हणून मला फोन. भांडण मिटलं म्हणून नव्हे — चिमटा धरायला माणूस हवा म्हणून.

दादाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

१५ मार्चला पुतणी येऊन दोघांना तिच्या शहरात नेणार आहे. कायमचं. माझ्याकडे एकोणचाळीस दिवस आहेत.

५ फेब्रुवारी

कशासाठी जातोय ते लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

काचेच्या कारखान्याचा संप. एकेचाळिसावा दिवस. मी ट्रकच्या हौद्यात उभा, समोर चार हजार माणसं. दादा भट्टीवरचा फोरमन. त्या सकाळी तो डबा घेऊन एकटाच गेटातून आत गेला. मी माईकवर म्हणालो, "संप फोडून आत जाणारा पहिला माणूस माझ्याच आईच्या पोटचा आहे, आणि आज त्या नात्याची मला लाज वाटते." टाळ्या थांबेनात. तेवढ्या टाळ्या मला आधी कधी मिळाल्या नाहीत आणि नंतरही नाहीत.

काचेची भट्टी विझली की आतली काच थिजते, भट्टीचं अस्तर फुटतं. मग संप जिंका नाहीतर हरा, परत जायला कारखानाच उरत नाही. दादा मालकासाठी आत गेला नव्हता. भट्टी धगधगती ठेवायला गेला होता. हे मला मागाहून समजलं, असं मी बारा वर्षं सांगत आलो. खोटं! ट्रकवर उभा होतो तेव्हाही मला ठाऊक होतं. पण वाक्य ओठावर आलं होतं आणि माणसं वाट बघत होती.

त्याची माफी मागायची आहे. त्याने ती ऐकली पाहिजे. त्याहून जास्त काही नको.

७ फेब्रुवारी

सकाळभर चाकं. एका बाजूला सहा, प्रत्येक चाक दोन तबकड्यांचं. मी चिमट्याने धरायचं, दादाने ब्रशच्या टोकाने गोंद लावायचा. थेंब जास्त पडला की तो माझ्या मनगटावर टिचकी मारतो. लहानपणी पाढे चुकले की मारायचा, तशीच.

बाराव्या चाकानंतर सुरुवात केली. "दादा, त्या दिवशी गेटावर मी जे बोललो —" तिसऱ्या वाक्याला मी उभा होतो. केव्हा उठलो ते मला कळलंच नाही. पाचव्या वाक्याला दादाने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

जाताना वहिनीला विचारलं, त्याला समजतं ना सगळं? "न समजायला काय झालं? बादली भरली की टॉवेल घेऊन उठतात. ताट वाढलं की हात धुतात. फक्त जीभ गेलीय हो."

मग ऐकत का नाही?

८ फेब्रुवारी

ऐकतो. म्हणूनच तोंड फिरवतो. मीही फिरवलं असतं.

११ फेब्रुवारी

बायकोला माफीचा मजकूर वाचून दाखवला. चार पानं. आमच्या संघटनेचा सगळा इतिहास, त्यात माझी चूक, त्या चुकीची कारणं, मग कबुली. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान आहे. आभारप्रदर्शन कोण करणार?"

मी चिडलो. "अहो, तुम्ही माफीसुद्धा माईकवरच मागणार," म्हणाली आणि देठं उचलून आत गेली.

चाराची दोन पानं केली.

१४ फेब्रुवारी

आज कहर केला.

रणगाड्याच्या वरचा तोफेचा फिरता भाग — वहिनी सांगते, दादा त्याला टोपी म्हणायचा — पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेला होता. दादा आंघोळीला गेलेला. टोपी हातात घेतली तर सगळीकडे खरखरीत, बारीक खळगे, जणू देवी आल्यात. वाटलं, आजारात डाव्या हाताने केलं असेल, बिघडलं असेल. आपण निदान एवढं तरी नीट करून ठेवू. पॉलिश पेपर घेतला. पाऊण तासात टोपी लोण्यासारखी गुळगुळीत.

दादा आला. बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग फाईलमधून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. खऱ्या रणगाड्याचा, जवळून घेतलेला. ती टोपी ओतीव लोखंडाची. वाळूच्या साच्यात ओतलेलं लोखंड खरखरीतच निघतं. तो खरखरीतपणा दादाने आजारापूर्वी मुद्दाम आणला होता. पातळ गोंदाने प्लास्टिक मऊ करायचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ठेचत जायचं, बोटभर जागेला एक सकाळ. वहिनी म्हणाली, दोन महिने चाललं होतं.

मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. चूक झाली, माझी जन्माची खोडच ही, जिथे खडबडीत दिसेल तिथे घासून चकचकीत करायचं, तुझ्या बाबतीतही मी तेच — हात वर, आवाज वर. दादा 'बरं का, बरं का' करत भिंतीपर्यंत मागे सरकला.

१५ फेब्रुवारी

गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

१६ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "भावोजी, ते सकाळपासून स्टुलाकडे बघतायत. रुसायची पाळी त्यांची आहे, तुमची नाही."

गेलो. तो जुना ब्रश घेऊन टोपी ठेचायला बसलो.

२१ फेब्रुवारी

पाच दिवस ठेचतोय. टोपीचा एक गाल झाला. मी हजार माणसांना एका वाक्यात उठवून उभं केलंय. इथे एक इंच जागा सकाळभर हलत नाही. गोंद ओला असताना ठेचलं तर चिखल होतो, वाळला तर ब्रश नुसता घसरतो. मधला क्षण पकडायचा. दादा तो क्षण आला की दोन बोटांनी टेबल वाजवतो.

काम चालू असेतो त्याचा चेहरा निवांत असतो. माझं तोंड उघडलं की मिटतो. आज नुसतं "दादा" म्हणालो, तरी खांदे वर गेले.

२४ फेब्रुवारी

पुतणीशी फोनवर बोललो. तारीख थोडी पुढे ढकल म्हणालो. ती संपाच्या वेळी दहावीत होती. वर्गात तिच्या बाकावर कोणी बसत नसे. ते मला आज कळलं, तिच्याच तोंडून. "काका, तुमचं बोलून झालं नाही का अजून? बाबांना आता तरी शांतपणे राहू द्या."

तारीख तीच.

२७ फेब्रुवारी

चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या कड्या. एका बाजूला ऐंशीच्या वर, प्रत्येक सुटी. चौकटीतून कापा, टोकं घासा, जोडा. करता करता मला राहवेना. या रणगाड्याबद्दल मी तीन जाडजूड इतिहास वाचलेत. या जातीचा एकटा रणगाडा रस्ता अडवून बसला की शत्रूची फौज तिथेच अडून राहायची, गोळे याच्या अंगावर आपटून फुटायचे. सांगताना रंगलो. तो कामगारांनी घडवला होता, दादा, तुझ्यामाझ्यासारख्यांनी, भट्ट्या विझू न देता!

भट्टी हा शब्द तोंडातून गेला आणि थिजलो. तेवढ्यावरून तरी तो काही करेल. ओरडेल, हाकलून देईल.

दादाने पुढची कडी माझ्यासमोर ठेवली.

राग नाही. ओळखसुद्धा नाही. मी भट्टी म्हणालो आणि त्याच्या पापणीला हालचाल नाही. एवढं कोरडं व्हायला माणसाला किती सोसावं लागत असेल.

२ मार्च

टोपी पूर्ण. दोन पानांचं अर्धं पान केलं. अर्ध्याच्या पाच ओळी. पाठ आहेत.

४ मार्च

बोललो पाच ओळी. त्याच्यासमोर उभा राहून, एकेक शब्द ठासून, डोळ्यांत डोळे घालून. माझा आवाज भरून आला. खोटं नव्हतं त्यात काही.

दादाने डावा हात कपाळावर आडवा धरला. मार चुकवायला धरतात तसा.

म्हणजे नाही. त्याने ऐकलं, आणि उत्तर नाही असं आहे. बारा वर्षांपूर्वी मी त्याला चार हजारांसमोर उभं केलं. आज एकाच माणसासमोर मी उभा आहे आणि तो मला बघायला तयार नाही. न्याय आहे यात. जन्मभर न्याय न्याय करत बोंबललो. मिळाला!

६ मार्च

जेवण जात नाही. संघटनेची सभा होती, नाव पुकारलं, उठलो आणि परत बसलो. सरचिटणीस म्हणाला, "काय हो, तोफ थंडावली का?" सगळे हसले. मीही हसलो.

९ मार्च

हिरवा रंग दिला. त्यावर पातळ तपकिरी पाणी सोडलं की ते खळग्यांत उतरतं आणि ओतीव लोखंड जागं होतं. टोपीवर ते उतरताना बघितलं. माझ्या हातचे खळगे आणि दादाचे, वेगळे काढता येत नाहीत. दादाने टोपी खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

मला त्याचं काहीच समाधान नाही. सहा दिवस राहिले.

१२ मार्च

आज वाचोपचाराची बाई आली. सरकारी दवाखान्यात वहिनीने डिसेंबरात नाव घातलं होतं, नंबर आज लागला. लहानखुरी, कडक, चपला दारात अगदी सरळ काढून ठेवणारी.

तिने दादासमोर चिमटा आणि ब्रश ठेवला. स्वतःचे हात पाठीमागे घेतले, चेहरा कोरा. "दादा, ब्रश द्या." दादा तिच्याकडे बघून हसला. "बरं का." पुन्हा, "ब्रश द्या." दादाने वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घाबराघुबरा झाला. मग तिने नुसता हात ब्रशच्या दिशेने पुढे केला. त्याने लगेच दिला.

दहा वेळा केलं. वेगवेगळ्या वस्तू. दहाही वेळा तेच.

वहिनी म्हणाली, "पण त्यांना तर सगळं समजतं."

"समजतं. बादली दिसते, ताट दिसतं, तुमचा चेहरा दिसतो. शब्द समजत नाहीत, बाई. आपल्याला अनोळखी मुलखातलं बोलणं ऐकू येतं तसं त्यांना ऐकू येतं. नुसता सूर. त्यावरून ते माणूस ओळखतात." मग वहीत काहीतरी लिहीत तिने विचारलं, "यांच्याशी घरात कोणी रागावून बोलतं का? आत्ता माझा आवाज जरा चढला तर त्यांनी हात आडवा धरला, म्हणून विचारते."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढा उपकार केला.

१३ मार्च

पाच आठवडे. उभा राहून, बोट वर करून, डोळे मोठे करून. त्याला दिसला तो ट्रकवरचा मी. रोज. त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलासमोर, रोज नव्याने.

आणि ज्या शब्दांसाठी आलो होतो, ते त्याच्यापर्यंत आता कधीच जाणार नाहीत. ना लिहून, ना सांगून. बाईला विचारलं. वाचनही गेलंय, म्हणाली. परत येईल अशी आशा धरू नका.

वेळ होता तेव्हा, बारा वर्षं, तो दोन गल्ल्यांपलीकडे राहत होता आणि माझा प्रत्येक शब्द त्याला समजत होता.

१४ मार्च

पुतणी उद्या येणार. सामान बांधलेलं. दादाजवळ बसलो, हात मांडीखाली दाबून. बोलायला काही उरलं नव्हतं. खोक्यातला सूचनांचा कागद घेतला आणि हळूहळू वाचू लागलो, अंगाईच्या आवाजात. "भाग सतरा भाग चारवर टेकवा. गोंद थोडाच लावा. सुकेपर्यंत दाबू नका."

दादाने ऐकलं. सबंध. मग डाव्या हाताने माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि हुंदके देऊन रडला. वहिनी दारात आली आणि तशीच मागे फिरली.

मी थांबलो, तर त्याने कागदावर बोट ठेवलं. भाग अठरा वाचला.